पूररेषेतील घर : मीटर, आयसोलेटर आणि डीबी नेमके कोठे बसवावे?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घर सांगलीत, नदीपासून फारसे दूर नसलेल्या भागात आहे. तळमजला वडिलांनी १९८४ साली बांधला आणि वरचा मजला त्यानंतर बारा वर्षांनी चढवला. २००५ च्या पुरात पाणी ओसरीत गुडघ्याखाली राहिले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि आमच्या ओसरीत पाणी फरशीपासून ५ फूट २ इंचांपर्यंत चढले. नंतर रंगकाम झाले तेव्हाही खांबावरची ती रेघ मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

आता संपूर्ण घराचे वायरिंग नव्याने करण्याचे ठरवले आहे. सध्या वीजमीटर जिन्याखालच्या कोपऱ्यात लाकडी फळीवर, फरशीपासून सुमारे साडेचार फुटांवर आहे, म्हणजे २०१९ मध्ये तो पूर्ण बुडाला होता. पुरानंतर मीटर बदलून मिळाला, पण जागा तीच राहिली. मीटरशेजारी चिनी मातीचे दोन कटआउट (फ्यूज बसवायचे खोके) आहेत आणि त्यांच्याखाली मूठ ओढायचा जुना लोखंडी मेन स्विच आहे. फळीच्या डाव्या कडेला, जेथे वायर कटआउटमध्ये शिरते, तेथे रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग पडला आहे आणि उन्हाळ्यात वरचा एसी सुरू असला की त्या कोपऱ्यात करपल्यासारखा वास येतो. त्याच कोपऱ्यात दुचाकी उभी असते आणि बाजूच्या कोनाड्यात भरलेला जादा सिलिंडर ठेवलेला असतो.

मला तीन जणांनी तीन सल्ले दिले आहेत. बांधकाम करणारे म्हणतात की मीटर त्याच भिंतीवर आठ फुटांवर चढवावा. वायरमन म्हणतो की मीटर आहे तेथे राहू द्यावा आणि नवीन डीबी (घरातील सर्व वायरी जेथून वाटल्या जातात ती वितरण पेटी) स्वयंपाकघरात सिंकच्या वरच्या मोकळ्या भिंतीवर बसवावा, कारण तेथे फोडाफोडी कमी होईल. एका नातेवाइकांचा आग्रह असा की मीटर घरातच, वरच्या मजल्यावर घ्यावा. माझी खरी काळजी आईची आहे. ती ७१ वर्षांची असून आठवड्याचे पाच दिवस वरच्या मजल्यावर एकटी असते, मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. रात्री पाणी अंगणात आले तर तिला स्वतःच्या हाताने वीज बंद करता आली पाहिजे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारमार्ग (मिरज, परवानाधारक विद्युत ठेकेदार) यांचे उत्तर

तुम्ही पुराची रेघ जपून ठेवली आहे हे फार बरे केले, कारण या कामातले सर्वांत महत्त्वाचे माप तेच आहे. जागा ठरवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे काम मात्र स्पष्ट असले पाहिजे.

खांबावरून आलेली सर्व्हिस वायर, कटआउट आणि मीटर हा भाग वीज कंपनीचा असतो. मीटरच्या पुढे जो आयसोलेटर किंवा मेन स्विच बसतो, तेथून तुमची जबाबदारी सुरू होते. आयसोलेटर हा केवळ हाताने तोडण्याचा स्विच आहे. जास्त भार आला किंवा शॉर्ट झाला म्हणून तो आपोआप पडत नाही, ते काम एमसीबीचे आहे. जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणे हे आरसीसीबीचे काम आहे आणि घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचाच असावा लागतो. पुष्कळ लोक ‘आता आयसोलेटर बसवला, धोका मिटला’ असे समजतात, पण आयसोलेटर कोणाचा तरी हात त्याच्यापर्यंत पोहोचला तरच उपयोगी पडतो.

आता तुमच्या घराचा मूळ दोष पाहा. तुमच्या आईने आज मेन स्विच ओढला, तरी खांबापासून त्या स्विचपर्यंतची वायर, दोन्ही कटआउट आणि मीटर यांत वीज राहणारच. हा जिवंत भाग भिंतीवरून खाली उतरून पूररेषेखाली गेला आहे. घरातले सर्व स्विच बंद असूनही ओसरीत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसू शकतो आणि तो भाग बंद करण्याचा अधिकार व साधन, दोन्ही तुमच्याकडे नाहीत. तो खांबावरून किंवा पलीकडच्या रोहित्रावरूनच तोडावा लागतो. म्हणून पूरभागातील घरासाठी मी एकच नियम सांगतो : स्वतःच्या स्विचने बंद करता येत नाही अशी कोणतीही वायर पूररेषेच्या खाली उतरता कामा नये. आणि तो स्विच असा असावा की कोरड्या पायांनी, अंधारातही, वाटेत पाणी न ओलांडता तेथे पोहोचता येईल.

या कसोटीवर तिन्ही सल्ले अपुरे पडतात. आठ फुटांवरचा मीटर पाण्यापासून वाचेल, पण शिडीशिवाय वाचता येणार नाही आणि त्याशेजारचा स्विच तुमच्या आईंच्या हाताला लागणार नाही. ओल्या ओसरीत स्टुलावर चढून स्विच ओढणे हा स्वतंत्र अपघात आहे. मीटर आहे तेथेच ठेवला तर वर सांगितलेला दोष कायम राहतो. स्वयंपाकघरातील सिंकच्या वर डीबी बसवणे तर सरळ चूक आहे. वायरिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ७३२ मध्ये, शेगडीच्या वर, सिंकच्या वर, तसेच न्हाणीघरात किंवा शौचालयात स्विचबोर्ड बसवू नये असे म्हटले आहे. फोडाफोडी कमी होते म्हणून ही जागा निवडणारे वायरमन मी बरेच पाहिले आहेत. वाफ आणि फोडणीची तेलकट काजळी दोन वर्षांत डीबीच्या आत पोहोचते, हे झाकण काढल्यावर बोटालाच कळते. मीटर थेट घराच्या आत वरच्या मजल्यावर घेणेही अडचणीचे आहे, कारण वाचन आणि तपासणीसाठी येणाऱ्या कर्मचाऱ्याला कोणाचीही परवानगी न लागता तेथे जाता आले पाहिजे.

मला एवढेच सांगा की तुमचा जिना घरातून आहे की बाहेरून, आणि त्याची मधली चौकी फरशीपासून किती उंचीवर आहे? बहुधा उत्तर तेथेच सापडेल.

तो तपकिरी डाग मात्र नूतनीकरणाची वाट पाहत ठेवू नका. सैल झालेल्या जोडाशी रोध वाढतो, तेथे उष्णता तयार होते, उष्णतेने धातू प्रसरण पावून पुन्हा आकसतो आणि जोड आणखी सैल होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरीत हे अधिक लवकर घडते. हा जोड मीटरच्या अलीकडचा असल्यामुळे तुमच्या वायरमननेही त्याला हात लावायचा नाही. १९१२ या वीज-तक्रारीच्या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून तो दुरुस्त करून घ्या आणि तोवर एसी बंद ठेवा. सिलिंडर व दुचाकी आजच तेथून हलवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जिन्याखालच्या कोपऱ्यातच साचेल, आणि त्या कोपऱ्यात तुमचा ठिणगी पाडणारा जोड आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) यांचे उत्तर

वरील उत्तरातील ‘वाटेत पाणी न ओलांडता’ हे शब्द मी दोनदा वाचले, कारण आमच्या घरात नेमके तेच चुकले होते.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी शिरले तेव्हा आमचा मेन स्विच तळमजल्यावर, मागच्या पडवीच्या दाराआड होता. उंची चांगली होती, जवळजवळ सहा फूट. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो आणि मधल्या बोळात पाणी पोटरीपर्यंत आले होते. त्या बोळातच फ्रिज आणि खालच्या उंचीवरचे दोन प्लग होते. सासरे स्विच बंद करायला निघाले. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते रागावून म्हणाले, “अगं, बंद केलाच पाहिजे ना!” त्यांचे बरोबर होते आणि माझेही बरोबर होते. आम्ही कोणीच गेलो नाही, सगळे माडीवर चढलो. थोड्या वेळाने परिसराचीच वीज गेली म्हणून प्रश्न सुटला. ती गेली नसती तर काय झाले असते याचा विचार मी अजूनही करते.

एक गोष्ट तुमच्या आईंना आवर्जून सांगावी. वीज आधीच गेलेली असली तरी आयसोलेटर बंद करायचाच. वीज परत कधी येईल हे घरातल्यांना कळत नाही, आणि ओल्या भिंती, चिखल भरलेले प्लग असलेल्या घरात ती अचानक परत येणे फार धोक्याचे असते.

दुसरी गोष्ट पाणी ओसरल्यानंतरची आहे. आमच्याकडे आलेल्या एका कारागिराने डीबीतील एमसीबी काढून, धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून परत बसवले. त्यांची कळ व्यवस्थित वर-खाली होत होती म्हणून आम्हीही समाधान मानले. दिवाळीत मिक्सरची वायर जळून काळी झाली, तरी तो एमसीबी पडला नाही. पुढे तो उघडून पाहिला तेव्हा आत बारीक मातीचा थर होता, वाळलेल्या गेरूसारखा. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी टाकूनच द्यावे लागतात, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

रोहित्र (पुणे, विद्युत अभियंता) यांचे उत्तर

दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. चर्चेत अजून न आलेला एक मुद्दा मांडतो. सांगलीत बहुतेक घरांत असतो तसा तुमच्याकडेही इन्व्हर्टर असेल, तर आयसोलेटर बंद केल्यानंतरही घरातील काही मंडले (सर्किट) जिवंतच राहतात. किंबहुना आयसोलेटर बंद केला की बाहेरची वीज गेली असे समजून इन्व्हर्टर त्याच क्षणी पुरवठा सुरू करतो. त्यामुळे ‘मेन बंद केला, आता सगळे मेले’ हा समज पुराच्या वेळी घातक ठरतो. इन्व्हर्टरच्या बाहेर जाणाऱ्या वायरीला स्वतंत्र दोन-ध्रुवी स्विच (वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन्ही वायरी एकाच वेळी तोडणारा) असावा, तो मुख्य आयसोलेटरच्या अगदी शेजारी असावा आणि तळमजल्याची कोणतीही वायर इन्व्हर्टरवर घेऊ नये. खुद्द इन्व्हर्टर आणि बॅटरीही वरच्या मजल्यावर, हवेशीर जागी ठेवावी. छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार पुढे-मागे असेल तर हेही लक्षात ठेवावे की बाहेरची वीज गेल्यावर ग्रिडला जोडलेले सौर इन्व्हर्टर पुरवठा थांबवतात, पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर ऊन असेपर्यंत जिवंतच असते. ती वायर गच्चीवरून वरच्या मजल्यापर्यंतच यावी, तळमजल्यावर उतरू नये.

आयसोलेटर दोन-ध्रुवीच का हवा, याचेही कारण सांगतो. नियमांनुसार न्यूट्रलमध्ये एकटा स्विच किंवा फ्यूज बसवता येत नाही. न्यूट्रल तोडायचा असेल तर तो फेजबरोबर एकाच वेळी तुटेल असाच स्विच लागतो. तुमच्या जागेवर चिनी मातीचे दोन कटआउट आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांतील एक न्यूट्रलवर असेल आणि तोच आधी जळाला, तर घरातील दिवे बंद होतील, पण प्रत्येक प्लगमध्ये फेज उभाच असेल. नवीन मांडणीत न्यूट्रलवर कटआउट राहणार नाही याची खात्री करून घ्यावी.

‘एमसीबी असताना आरसीसीबी कशाला’ असा प्रश्न वायरमन विचारतील, म्हणून साधे गणित देतो. आपल्याकडे घरोघरी जमिनीत गाडलेल्या अर्थिंगचा रोध समजा १० ओम आहे. फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला तर २३० व्होल्टला प्रवाह येईल २३ अँपिअर. मुख्य एमसीबी ३२ अँपिअरचा असेल तर हा दोष त्याच्या दृष्टीने दोषच नाही, तो पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणार्धात पडेल. दोन मजल्यांना दोन स्वतंत्र आरसीसीबी द्यावेत, म्हणजे तळमजल्याच्या ओलीमुळे वर एकट्या असलेल्या आईंना अंधारात बसावे लागणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. सिलिंडर आणि दुचाकी काल संध्याकाळीच हलवली. तक्रार नोंदवली होती, आज सकाळी कर्मचारी येऊन गेले. जोड कापून नवा केला तेव्हा जुन्या वायरीचे टोक हातात राखेसारखे चुरले.

तारमार्ग यांच्या प्रश्नाचे उत्तर असे : जिना बाहेरून, अंगणातूनच आहे. मधली चौकी ओसरीच्या फरशीपासून ५ फूट ८ इंचांवर आहे आणि तिला लागून घराची पक्की भिंत आहे. वर गच्चीच्या स्लॅबचा पुढे आलेला भाग असल्याने पाऊस सरळ लागत नाही, पण वळवाच्या पावसात झोत येतो. इन्व्हर्टर आहे, आणि तो आज तळमजल्यावरच्या माजघरात जमिनीवर ठेवलेला आहे. तो वर नेणार आहे. चौकीवर मीटर घ्यायचा झाल्यास उंची किती ठेवावी, आणि आईने चौकीपर्यंत उतरावे लागणे योग्य आहे का, एवढे दोन प्रश्न उरतात. पूर मोठा असेल तर चौकीही सुरक्षित राहील असे मी कसे म्हणू?

तारमार्ग (मिरज)

चौकीची भिंत हीच जागा. तुमच्या रेषेपेक्षा चौकी सहा इंच उंच आहे. तेथे मीटरच्या पेटीचा तळ चौकीपासून साधारण सव्वाचार फुटांवर ठेवला, तर मीटर २०१९ च्या पाण्यापेक्षा पावणेपाच फूट वर राहतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरही येतो. सर्व्हिस वायर खांबावरून वरच्या मजल्याच्या भिंतीला येऊन तेथून चौकीपर्यंतच उतरेल, खाली एक इंचही नाही. पेटीत वायर नेहमी खालच्या बाजूने घ्यायची आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. न वापरलेली छिद्रे बंद करून घ्या. कुंभारीण माशी अशा पेटीत मातीची घरे बांधते आणि पाली शिरतात. जोडावर आडवी पडून मेलेली पाल मी स्वतः कितीतरी वेळा काढली आहे.

आईंनी चौकीपर्यंत उतरण्याची गरज राहू नये, ही तुमची शंका अगदी योग्य आहे. म्हणून स्विच दोन ठेवा. पहिला आयसोलेटर मीटरच्या लगत, पेटीशेजारीच, कारण मीटर आणि पहिला स्विच यांतील वायर जितकी लांब तितका बिनसंरक्षणाचा भाग जास्त. दुसरा वरच्या मजल्यावर, जिन्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, डीबीचा मुख्य स्विच म्हणून. चौकीवरून डीबीकडे जाणारी वायर वरच चढते, त्यामुळे आईंनी घरातला स्विच बंद केला आणि चौकीवरचा चालू राहिला, तरी पूररेषेखाली काहीही जिवंत उरत नाही. डीबीत तळमजल्याची मंडले एका दोन-ध्रुवी स्विचखाली वेगळी घ्या. अंगणात पाणी दिसताच आधी तळमजला बंद करायचा, पाण्याच्या मोटारीसह. मोटारीची वायर बहुतेक घरांत थेट मीटरजवळून काढलेली असते, ती तुमच्याकडे तशी असेल तर या कामात तोडून डीबीतून घ्या. डीबीचा तळ आईंच्या छातीच्या उंचीवर, सुमारे चार फुटांवर ठेवा आणि त्यापुढे कपाट किंवा कपड्यांची दोरी येऊ देऊ नका.

मीटर हलवण्याचा अर्ज तुमच्या नावाने वीज कंपनीकडे करावा लागतो, आणि सील तोडण्यापासून नवीन जागी जोडण्यापर्यंतचे काम कंपनीनेच करायचे असते. ‘आम्हीच सरकवून देतो’ असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्या. परवानगीशिवाय मीटर जोडणे किंवा तोडणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूच्या वायरिंगचा चाचणी अहवाल परवानाधारक ठेकेदाराने द्यायचा असतो. त्यात ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) एक मिनिट घेतलेले वाचन किमान १ मेगओम आले पाहिजे. ते वाचन तुमच्या समोर घ्यायला सांगा. पूर येऊन गेल्यास वीज पुन्हा सुरू करण्यापूर्वी हीच चाचणी पुन्हा करून घ्यायची आहे.

काम पावसाळ्यापूर्वी व्हायचे असेल तर क्रम असा ठेवा की वरचा डीबी आणि चौकीपर्यंतची वायर आधी तयार होईल, म्हणजे मीटर हलवला त्याच दिवशी घर नव्या मांडणीवर येईल आणि जुन्या फळीकडे तात्पुरती वायर ओढावी लागणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

अर्ज आज दिला. डीबीच्या झाकणावर लावायच्या पट्ट्या आईला दाखवल्या : ‘तळमजला’, ‘मोटार’, ‘इन्व्हर्टर’, ‘संपूर्ण घर’. तिने चष्मा काढून वाचून पाहिल्या आणि अक्षरे दुप्पट मोठी करायला सांगितली. तशी करून घेत आहे, आणि शेजारी खिळ्याला टॉर्च टांगणार आहे.